गुडघ्याचे दुखणे आणि तितिक्षा

भिलाई येथील सिविक सेंटरमध्ये श्रीकृष्ण व अर्जुन यांच्या रथाचे एक भव्य शिल्प उभे आहे. ज्या पोलाद-कारखान्यासाठी हे नगर वसले, त्याच्या उभारणीचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये १९५५ साली झाला आणि तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे कामास आली. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या बाजूची मराठी कुटुंबेही त्यांत होती. ज्यांनी भट्टीपाशी, शिड्यांवर आणि रूळ घडविणाऱ्या विभागांत उभ्याने आयुष्य काढले, ते आता वृद्ध झाले आहेत. आणि ज्या पायांवर ते आयुष्य उभे होते, त्या पायांचे गुडघे पुष्कळांच्या बाबतीत साथ देईनासे झाले आहेत.

रथातील सारथी व रथी यांच्याकडे पाहताना सामान्यतः उपदेशाचे स्मरण होते; उपदेशापूर्वी काय घडले याचे होत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली दुर्बलता प्रथम शरीराच्या भाषेत सांगतो. गात्रे गळून जातात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून निसटते, आणि उभे राहणेही आता शक्य नाही, असे त्याचे म्हणणे आहे. अध्यायाच्या अखेरीस तो खरोखरच रथात खाली बसतो. अर्जुनाचे पाय निरोगी होते. मनाचा शोक शरीरात उतरला. गुडघ्याच्या जुनाट विकाराने पिडलेल्या मनुष्याचा क्रम याच्या उलट असतो. त्याची व्यथा शरीरात आरंभ पावते आणि हळूहळू मनापर्यंत चढत जाते. तथापि दोघेही शेवटी जेथे येऊन पोहोचतात ते स्थान एकच आहे.

यातून जो प्रश्न उत्पन्न होतो तो केवळ वैद्यकाचा नाही. ज्याला उठताना वेदना होते, त्याने उठण्याचे टाळले तर त्यात काही दोष आहे काय? आणि दातओठ खाऊन जो उठतो, त्याचे ते उठणे तप म्हणावे काय? घरोघरी हा प्रश्न रोज उभा राहतो आणि बहुधा एखाद्या मलमाच्या डबीने तो मिटविला जातो.

एखादा निवृत्त गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. तीस-पस्तीस वर्षे पाळीचे काम केलेले, आता मुलासह कारखान्याच्या वसाहतीत राहणारे. प्रारंभी त्यांनी जिना सोडला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जुन्या सोबत्याकडे जाणे त्यामुळे आपोआप सुटले. त्यानंतर भाजी आणण्यास जाणे सुटले, कारण पिशवीचे ओझे घेऊन परतताना गुडघा अडतो. मंदिरातील कथेला सतरंजीवर बसावे लागते आणि बसल्यावर उठताना दोघांचा हात धरावा लागतो. चार लोक पाहतात. म्हणून कथाही सुटली. लग्नकार्यात पंगतीला बसता येत नाही, तेव्हा लग्नांना मुलाने जावे असे ठरले. हे सर्व एका दिवसात झालेले नाही. प्रत्येक वेळी कारण योग्यच होते. परंतु तीन-चार वर्षांनी पाहावे तो गृहस्थांचे जग एक खाट, एक खुर्ची आणि न्हाणीघर एवढे उरले. घरातील माणसे म्हणतात, बाबांचे गुडघे गेले. गुडघे तर जेवढे गेले तेवढेच गेले होते; त्यांच्या मागोमाग बाकीचे का जावे, हा विचार करण्यासारखा भाग आहे.

या विकाराला आधुनिक वैद्यक ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते. चरकसंहितेत संधिगत वात या नावाने सांध्याच्या अशाच विकाराचे वर्णन आले आहे. आमवात हा याहून निराळा. दोहोंची गल्लत घरगुती उपचारांत नेहमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या गणनेप्रमाणे जगात सुमारे ५२ कोटी ८० लक्ष लोकांना हा विकार होता आणि त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लक्ष लोकांचा गुडघा दुखत होता. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, शेकडा साठ. सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, झिजत जाते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या कूर्चेत वेदना वाहून नेणाऱ्या नसा मुळीच नसतात, हे फारसे कोणास ठाऊक नसते. दुखते ते आतले हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे बंध. म्हणूनच एक्स-रेतील झीज व प्रत्यक्षातील दुःख यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. एखाद्याचा सांधा चित्रात अगदी घासलेला दिसतो आणि तो मनुष्य बाजारात फिरत असतो. दुसऱ्याच्या चित्रात थोडीच झीज असते आणि त्याला रात्रभर झोप नसते. याचा अर्थ दुसरा खोटे बोलतो असा कोणी घेऊ नये. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. दोन्ही वेळी वेदना हा इंद्रियाचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव मानला गेला. वेदना सर्वस्वी खरी आहे. ती केवळ हाडाची नाही, एवढेच.

मग ती आणखी कशाची आहे? मायकेल सलिव्हन या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली वेदनाग्रस्तांच्या मनाचे मापन करण्यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. तीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: मनुष्य दुखण्याचे पुनःपुन्हा चिंतन करतो काय, त्याला वाढवून पाहतो काय, आणि आपल्या हाती काहीच उरले नाही असे मानतो काय. गीतेचा नित्य पाठ करणाऱ्याला ही तीन नावे वाचून दुसऱ्या अध्यायाच्या उत्तरार्धातील साखळी आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथे विषयाच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, असे एकामागून एक दुवे सांगत शेवटी बुद्धिनाशापर्यंतचा मार्ग दाखविला आहे. तो मार्ग सुखाच्या विषयांचा आहे असे आपण समजतो. परंतु नावडत्या विषयाचे चिंतनही मनाला तितकेच जखडते, किंबहुना अधिक. ज्याला मिठाई आवडते तो दिवसातून दोनदा तिचा विचार करील. ज्याचा गुडघा दुखतो तो प्रत्येक पायरीपाशी, प्रत्येक ओल्या फरशीपाशी, प्रत्येक निमंत्रणपत्रिकेपाशी गुडघ्याचाच विचार करतो. उद्या कसे होईल, पुढच्या वर्षी कसे होईल, अंथरुणाला खिळलो तर कोण करील, या विचारांनी आजच्या दुखण्यात उद्याचे व परवाचे दुखणे मिळविले जाते. आणि एवढे मोठे दुःख कोणालाही झेपणारे नसते.

चिंतनातून भय येते आणि भयातून त्याग. योहान व्लायेन व स्टीव्हन लिंटन या दोन संशोधकांनी स्नायू व अस्थींच्या दीर्घ दुखण्यांविषयी २००० साली जे प्रतिपादन केले त्याचा आशय असा: वेदनेचे भय मनुष्याला हालचाल टाळावयास लावते; टाळल्याने स्नायू दुबळे होतात, मन खिन्न होते; त्यामुळे वेदना वाढते आणि भय खरे होते असे वाटू लागते. गुडघ्याच्या बाबतीत याचे यंत्र सरळ आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याला आधार देतो. चालणे सुटले की तो स्नायू सर्वांत आधी वाळतो, सांध्याला धरून ठेवणारे कोणी उरत नाही, आणि पूर्वी शंभर पावलांनंतर होणारा त्रास आता दहाव्या पावलाला होतो. बसून राहिल्याने वजन वाढते ते निराळेच. शरीराचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. वाढण्याच्या बाबतीतही हिशेब याच दिशेने चालणार.

हा भयमूलक त्याग गीतेला नवा नाही. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगताना, शरीराला क्लेश होतील या भीतीने दुःखरूप समजून जो कर्म टाकतो त्याचा त्याग राजस होय आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असा निर्णय दिला आहे. या ठिकाणी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. निर्णय क्लेशामुळे कर्म सोडणाऱ्याविषयी नसून क्लेशाच्या भयाने सोडणाऱ्याविषयी आहे. ज्याचा पाय मोडला आहे त्याने चालू नये, यात राजसही नाही आणि सात्त्विकही नाही. परंतु ज्याला चालता येते, थोडे दुखेल म्हणून जो चालत नाही, आणि न चालण्याला वैराग्याचे नाव देतो, त्याच्यापुढे हा श्लोक उभा राहतो. वृद्धांच्या तोंडी हे नाव वारंवार येते. ‘आता काय करायचे आहे बाहेर जाऊन’, ‘सर्व पाहून झाले’ ही वाक्ये ऐकणाऱ्याला निवृत्तीची वाटतात. त्यांत खरी निवृत्ती किती आणि जिन्याचे भय किती, हे बोलणाऱ्यालाही नेहमी कळते असे नाही. त्याची एक खूण मात्र आहे: विरक्त मनुष्य शांत असतो, आणि भयाने बसलेला मनुष्य घरातल्यांवर चिडतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग दुखण्याकडे लक्ष न देता काम करीत राहणे हाच धर्म. असे मानणारीही माणसे थोडी नाहीत, आणि त्यांत गृहिणींची संख्या मोठी आहे. दिवाळी आली की गुडघ्यांवर फडके बांधून सर्व घर धुवावयाचे, उकिडवे बसून शंभर जणांचे फराळाचे करावयाचे, आणि कोणी ‘थोडे बसा’ म्हटले तर रागवावयाचे. पुढे भाऊबीज उलटली की आठ दिवस पाय टेकता येत नाही. ते आठ दिवस गेले की पुन्हा साठलेले काम एकाच दिवशी. चांगल्या दिवशी सगळे आणि वाईट दिवशी काहीच नाही, असा हा झोका वर्षानुवर्षे चालतो. बाहेरून हे शौर्य दिसते. सतराव्या अध्यायात, शरीराला कृश करून पीडा देणाऱ्या अविचारी तपाला आसुरी निश्चयाचे म्हटले आहे आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाची गणना तामसात केली आहे. गृहिणीच्या प्रेमळ कष्टांना हे शब्द लावणे कठोर होईल, आणि ते पूर्णपणे लागूही पडत नाहीत, कारण तिच्या कष्टांचा हेतू कुटुंबाचे सुख हा असतो. परंतु त्या कष्टांत हट्टाचा अंश असतो हे नाकारता येत नाही. आणि आपण थांबलो तर आपले महत्त्व उरणार नाही अशी एक भीती त्या हट्टाच्या तळाशी असते. तेव्हा बसून राहणारा आणि न बसणारी, दोघेही भयाच्याच आज्ञेत वागतात.

तितिक्षा हा शब्द या दोन्ही वाटांहून निराळ्या गोष्टीसाठी आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवान शीत-उष्ण, सुख-दुःख देणाऱ्या स्पर्शांना येणारे व जाणारे म्हणून ओळखावयास सांगतात आणि ते सहन कर असे म्हणतात. श्रीशंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेच्या लक्षणात तीन गोष्टी आल्या आहेत: दुःखाचा प्रतिकार न करणे, त्याची चिंता न करणे आणि त्याविषयी विलाप न करणे. यांतील पहिल्या गोष्टीवरून काही श्रद्धाळू लोक औषध नाकारतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ते लक्षण सर्वसंगपरित्यागाकडे निघालेल्या मुमुक्षूचे आहे. गीतेतील श्रोता गृहस्थ आहे, योद्धा आहे. त्याला थंडी-ऊन सहन करावयास सांगणाऱ्याने अंगावरचे कवच उतरवून ठेव असे सांगितलेले नाही. गृहस्थाने औषध घ्यावे, शेक घ्यावा, काठी घ्यावी, वैद्याने सांगितल्यास शस्त्रक्रियाही करून घ्यावी. उरलेल्या दोन गोष्टी मात्र, चिंता व विलाप यांवाचून राहणे, त्याच्याकडूनही अपेक्षित आहेत. आणि औषधापेक्षा त्या कठीण आहेत.

त्या साधावयाच्या कशा? नुसते ‘चिंता करू नका’ असे सांगून कोणाची चिंता गेल्याचे ऐकिवात नाही. येथे विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे कार्य उपयोगी पडते. त्याने १९७६ साली जुनाट दुखण्याच्या उपचारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या पद्धतीतील मुख्य कल्पना अशी की, रुग्णाने किती हालचाल करावी हे वेदनेने ठरवू नये, आधी ठरविलेल्या मापाने ठरवावे. दुखेपर्यंत चालणे आणि दुखले की बसणे ही रीत मनुष्याला वेदनेचे दास्य शिकविते. कारण प्रत्येक वेळी थांबण्याचा हुकूम तीच देते आणि विश्रांतीचे बक्षीसही तीच देते. त्याऐवजी आपल्याला निश्चितपणे झेपेल असे लहानसे माप घ्यावे, समजा दहा मिनिटे. चांगल्या दिवशी दहाच्या ठिकाणी तीस करू नयेत, आणि साधारण वाईट दिवशीही दहा सोडू नयेत. ते अंगवळणी पडले की अकरा करावीत. सांधा सुजून गरम झाला असेल किंवा पाय एकाएकी दगा देऊ लागला असेल, तर गोष्ट निराळी. तेथे वैद्याला विचारावे.

या साध्या नियमात गीतेचा कर्मयोग दिसतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कर्म करावे आणि त्याचे माप फळाने ठरवू नये, हे तत्त्व आपण मोठमोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवतो. दहा मिनिटे चालणाऱ्या वृद्धाला त्याचा प्रत्यय रोज घेता येतो. आज चालून दुखणे कमी झाले काय, असे जो रोज पाहतो तो तिसऱ्या दिवशी निराश होऊन सोडून देतो. कारण स्नायूला बळ येण्यास आठवडे लागतात. चालणे हेच आजचे काम होते आणि ते झाले, असे जो मानतो त्याचे टिकते. सहाव्या अध्यायात ज्याचा आहार-विहार, कर्मांतील प्रयत्न, निद्रा व जागरण मापात असतात त्याचा योग दुःखनाशक होतो असे म्हटले आहे. तेथील माप हा शब्द गुडघ्याच्या रुग्णाने अक्षरशः घेतला तरी चालेल.

मापाची ही शिस्त घरातील इतरांमुळे बिघडते, ही गोष्ट सांगावयास अप्रिय आहे. सुपुत्र व सुना वडिलांना उठू देत नाहीत. पाण्याचा पेला हातात, जेवणाचे ताट खुर्चीपाशी, वर्तमानपत्र उशीपाशी. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणतो’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा उच्चारले जाते. त्यात भक्ती आहे, संस्कार आहे, आणि कित्येकदा घाईही आहे, कारण बाबांना स्वतः पाणी घेऊ देण्यास पाच मिनिटे लागतात आणि मुलाची कामावर जाण्याची वेळ झालेली असते. वेदना दाखविली की सेवा मिळते आणि वेदना न दाखवता काही केले तर कोणाचे लक्षही जात नाही, असे घर नकळत वेदनेलाच पोसत असते, हेही फोर्डाइसने दाखविले. मातापित्यांची सेवा हे पुत्राचे कर्तव्य आहे यात शंका नाही. परंतु ज्या सेवेने सेव्य मनुष्याचे उरलेसुरले कर्तृत्व हिरावले जाते, तिला सेवा म्हणावे काय, हा धर्माचाच प्रश्न आहे. शरीराचा निर्वाहदेखील कर्मावाचून होणार नाही, असे तिसरा अध्याय सांगतो. तेव्हा कोणाचे सर्व कर्म काढून घेणे म्हणजे त्याच्या शरीराचा आधारच काढून घेणे. न्हाणीघरात भिंतीला धरावयास दांडी बसवावी, उंच बैठकीचे शौचकूप करावे, जिन्याला कठडा करावा, आणि मग वडिलांना स्वतः जाऊ द्यावे. दांडी बसविण्यास एक दिवस लागतो. वडील हळूहळू चालत असताना मध्ये न धावता दाराशी उभे राहणे यास मात्र रोज संयम लागतो.

उलट बाजूला अशीही घरे आहेत की जेथे ‘सगळ्यांचेच दुखते’ एवढे बोलून विषय संपविला जातो. तेथे वृद्धाने काय करावे? दुखणे गिळून टाकणे हे धैर्य मानले जाते, विशेषतः पुरुषांत. परंतु न सांगितलेले दुखणे रागाच्या रूपाने बाहेर पडते. नातवाच्या खेळण्याच्या आवाजावर, आमटीतल्या मिठावर. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे लक्षण सांगितले आहे: जे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय व हितकर असते ते बोलणे. दुखण्याविषयी बोलतानाही हे चारही पाळता येतात. ‘मेलो, आता उचला मला’ हे सत्य नव्हे आणि उद्वेगकारक आहे. ‘मला काही होत नाही’ हे प्रिय आहे पण सत्य नव्हे. ‘आज सकाळपासून उजवा गुडघा अधिक दुखतो आहे, बाजारात मी येतो, पण पिशवी तू घे’ यात चारही गोष्टी येतात, आणि घरातल्यांना काय करावे हेही कळते.

मंदिरात व देवघरात जी लाज वाटते तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण धर्मनिष्ठ मनुष्याला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा ती अधिक बोचते. जन्मभर पाटावर मांडी घालून पूजा केली. आता मांडी मोडत नाही, साष्टांग नमस्कार होत नाही, प्रदक्षिणा होत नाही. खुर्चीवर बसून देवाचे नाव घेणे कित्येकांना अपराधासारखे वाटते, आणि म्हणून ते पूजाच सोडतात. वस्तुतः पतंजलीने आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य व सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. मांडीचा उल्लेख त्या सूत्रात नाही. गीतेतील ध्यानाचे आसनही फार उंच नको व फार सखल नको, एवढेच म्हणते. गुडघे दुखणाऱ्यासाठी फार सखल नको हे शब्द पुरेसे बोलके आहेत. जेथे कथाकीर्तन होते तेथे मागच्या बाजूला दहा खुर्च्या मांडून ठेवल्या तर कित्येक वृद्ध पुन्हा येऊ लागतील. ही सूचना फार क्षुल्लक वाटेल. परंतु कथेला जाणे सुटल्यावर मनुष्य केवळ कथेला मुकत नाही. तो सोबत्यांना, घराबाहेर पडण्याच्या निमित्ताला आणि धुतलेले कपडे घालण्याच्या निमित्तालाही मुकतो.

लोकांनी पाहावे ही लाज ज्याला टाळताच आली नाही असा एक गुडघेदुखीचा रुग्ण साऱ्या देशाने पाहिला आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि कृत्रिम सांधा बसविण्यात आला, ती डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. त्याच शरद ऋतूत, १ नोव्हेंबर २००० रोजी, भिलाई ज्या राज्यात आहे ते छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. पुढे जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैच्या मध्यावर ते आग्रा येथे पाकिस्तानशी वाटाघाटी करीत होते. त्यांचे अडखळते चालणे दूरदर्शनवर रोज दिसे. शस्त्रक्रिया ही दुर्बलतेची कबुली नाही आणि सर्व दुःखांवरचा तोडगाही नाही. सांधा बदलल्यानंतरही काहींची वेदना उरते. ज्यांचे मन आधीपासूनच भयाने ग्रासलेले असते त्यांत असे अधिक आढळते. उपचार करणाऱ्यांची श्रद्धाही कधीकधी फसते: अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींचा गुडघा दुर्बिणीने आतून साफ केला किंवा धुतला आणि काहींच्या त्वचेला केवळ छेद देऊन तो पुन्हा शिवला. दोन वर्षांपर्यंत पाहिले असता खऱ्या क्रियेचा लाभ खोट्या क्रियेहून अधिक दिसला नाही. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया निराळी आणि तिचा गुण सिद्ध आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतरही चालावे लागते ते रुग्णालाच.

दुसरे उदाहरण गुडघ्याचे नसून पाठीच्या कण्याचे आहे, तरी ते येथे जवळचे आहे. वरोड्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांना मणक्यांच्या विकारामुळे बसता येत नसे. एक तर उभे राहावे किंवा आडवे पडावे एवढेच शक्य होते. १९८५ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेस निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत केलेल्या बिछान्यावर पडून प्रवास करीत होते. या यात्रेची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. गुडघा दुखणाऱ्या सामान्य गृहस्थाला त्यातली एक लहान गोष्ट अधिक उपयोगाची आहे, ती म्हणजे तो बिछाना. त्यांनी बसता येत नाही म्हणून यात्रा टाकली नाही, आणि बसून दाखविण्याचा हट्टही केला नाही. गाडीत बिछाना घातला व निघाले.

वर कल्पिलेले ते निवृत्त गृहस्थ बिछाना घेऊन कन्याकुमारीला निघणार नाहीत. त्यांना भाजी आणावयाची आहे. सुनेशी बोलून त्यांनी एवढेच ठरविले की घरापासून सिविक सेंटरच्या वाटेवर दहा मिनिटे जावे, असेल त्या बाकावर बसावे आणि परत यावे. दुखो वा न दुखो, पाऊस असेल तर व्हरांड्यात. पहिल्या दिवशी ते निम्म्या वाटेवरही पोहोचले नाहीत. काठी आणली होती ती लाजेने घरीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी घेतली. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी गुडघा इतका मोकळा वाटला की पुढे रथापर्यंत जावे असे मनात आले, आणि घड्याळ पाहून ते बाकावर बसले. हे बसणे पूर्वीच्या बसण्याहून त्यांना जड गेले. रथापर्यंत जाण्यास पावसाळा संपावा लागला. तोपर्यंत गुडघा दुखायचा थांबलेला नव्हता. उतरणीवर तो आजही कुरकुरतो, थंडीत सकाळी अर्धा तास ताठरतो. परंतु पिशवी घेऊन ते परत आले की सून आता ‘फार दुखले का हो बाबा’ असे विचारीत नाही. टोमॅटो काय भावाने मिळाले म्हणून विचारते, आणि भाव ऐकून म्हणते की तुम्हाला फसविले.